घरसंसार : उघडा राहिलेला नळ

मॉरिशसमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस पाण्याच्या टंचाईचे, आणि दिवाळी बहुधा त्यांतच येते. अनेक गावी नळास पाणी ठराविक वेळीच असते. सणासाठी आलेल्या आत्याबाई दुपारी नळ फिरवून पाहतात, पाणी नाही म्हणून तशाच मंदिरात जातात. सायंकाळी पाणी येते, सिंकमधील फडके तोंडाशी बसते, आणि मंडळी परततात तो खोल्यांतून घोट्याइतके पाणी!

अशा वेळी अनवाणी आत शिरू नये. मुख्य बटण कोरड्या जागी असेल तरच विजेचा प्रवाह बंद करावा. ते पाण्यात असेल तर जाणत्यास बोलवावे. मग खराट्याने पाणी लोटून काढणे फारसे अवघड नाही. सिमेंटची जमीन वाळते. भुशाच्या फळ्यांची कपाटे मात्र एकदा फुगली की पूर्ववत होत नाहीत. त्यांवर श्रम वाया घालवू नयेत. अस्सल लाकूड सावलीत, वाऱ्यावर सुकवावे. उन्हात ते तडकते.

खरी काळजी पलंगाखालच्या ट्रंकेची. तीत विवाहाची छायाचित्रे असतात, वाडवडिलांचे कागद असतात. एकमेकांस चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवली की ती पुष्कळदा आपोआप सुटतात. मग चेहऱ्याची बाजू वर करून कोऱ्या सुती कापडावर मांडावीत. शाईने लिहिलेला कागद मात्र पाण्यात घालू नये, टिपकागदांत ठेवावा. दोन दिवसांत बुरशी धरते. तितकी सवड नसेल तर सारे पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. आणि आजे-पणजांचा आगमनाचा दाखला गेलाच, तरी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जतन आहेत, १८६० च्या दशकापासूनची कित्येकांची छायाचित्रेही आहेत. वंशजांना तेथून उतारा मिळू शकतो. घरच्या छायाचित्रांची दुसरी प्रत मात्र कोठेही नसते.

इकडे आत्याबाई ओसरीवर बसून सायंकाळच्या बसची चौकशी करीत असतात. सून तोंडाने ‘काही नाही हो, आत्याबाई’ म्हणते. पण तिचा खराटा निराळेच बोलत असतो, आणि वृद्ध माणसास ती भाषा चांगली कळते. अशी दुखावलेली आत्या पुढील दिवाळीस येत नाही. कारण विचारले तर गुडघ्यांचे सांगते. त्यांनी गादीसाठी पैसे पुढे केले तर ‘छे, छे’ करून परत लोटण्याची आपली रीत आहे. ती योग्यच असे नाही. थोडे घ्यावे, म्हणजे त्यांनाही मान वर करता येते.

याहून बरे म्हणजे त्यांना ओल्या छायाचित्रांपाशी बसवावे. फेटा बांधून उभा कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, हे घरात बहुधा त्यांनाच ठाऊक असते. शेजारी नातवाने वही व पेन्सिल घेऊन बसावे आणि त्या सांगतील ती नावे लिहून घ्यावीत.