कादंबरीच्या कपाटातले आत्मचरित्र : व्यावसायिक सायकल-शर्यतींवरची कोणती पुस्तके वाचावीत?

१/ जानेवारी २०१३. सिडनीतील मॅनली येथील ग्रंथालयात एक फलक झळकला. लान्स आर्मस्ट्राँगवरील सर्व पुस्तके लवकरच कथा-कादंबऱ्यांच्या विभागात हलवण्यात येतील, असे त्यावर लिहिले होते. फलकाचे छायाचित्र जगभर फिरले. तो अधिकृत नव्हता, कुणीतरी केलेली गंमत होती, हे मागाहून जाहीर झाले. तोवर जग हसून मोकळे झाले होते.

२/ गंमतीच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. खोटे ठरलेले साधन टाकून द्यायचे असते काय? 'इट्स नॉट अबाउट द बाइक' (२०००) हे आर्मस्ट्राँगचे सॅली जेंकिन्स यांच्यासह लिहिलेले आत्मचरित्र. कर्करोगातून उठून टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या माणसाची ही कहाणी असंख्य रुग्णांनी उशाशी ठेवली. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या सेवनापायी त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. काही वाचक फसवणुकीचा दावा घेऊन कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले. भाषणस्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयाने तो फेटाळला.

३/ ब्रिटनमध्ये विल्यम हिल ही सट्टेबाजीची कंपनी दरवर्षी सर्वोत्तम क्रीडापुस्तकाला पारितोषिक देत आली आहे. १९९० साली ते पॉल किमेज यांच्या 'रफ राइड'ला मिळाले, २००० साली आर्मस्ट्राँगच्या आत्मचरित्राला आणि २०१२ साली टायलर हॅमिल्टन व डॅनियल कॉइल यांच्या 'द सीक्रेट रेस'ला. पहिल्याने रोग दाखवला, दुसऱ्याने आपल्याला तो नसल्याची ग्वाही दिली, तिसऱ्याने दुसऱ्याला उघडे पाडले. मोहोर तिन्हींवर एकच. या खेळावर केवळ तीनच पुस्तके वाचायची असतील, तर ही तीन, आणि याच क्रमाने.

४/ किमेज हा आयर्लंडचा, मधल्या फळीतला स्वार. विजेत्यांची आत्मचरित्रे उदंड असतात. हरणाऱ्याचे पुस्तक दुर्मीळ. थकलेल्या देहाने रोज उठून पुन्हा सायकलवर बसणे आणि शेजारचा सुई टोचून घेताना पाहणे, हे त्याने कुणावरही चिखल न उडवता, स्वतःलाही न वगळता लिहिले. सायकलविश्वाने त्याला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा ठरवून वाळीत टाकले. ते वाळीत टाकणेही आज पुरावाच ठरते.

५/ हॅमिल्टनचे पुस्तक अधिक तपशीलवार आहे. शीतकपाटात ठेवलेली औषधे, रक्ताच्या पिशव्या, सांकेतिक भाषा, सारे त्यात येते. परंतु हॅमिल्टन स्वतः २००४ मध्ये सापडला आणि त्यानंतर कित्येक वर्षे निर्दोषपणाची शपथ घेत राहिला, हे विसरून ते वाचू नये. माफीचा साक्षीदार खरे बोलतो तेव्हाही तो माफीचाच साक्षीदार असतो.

६/ हा सारा प्रकार आर्मस्ट्राँगपासून सुरू झाला, असा समज असेल तर १९०३ कडे वळावे. टूर द फ्रान्स ही शर्यत जन्मली ती एका वृत्तपत्राच्या खपासाठी. ड्रेफस प्रकरणात 'ल वेलो' या क्रीडापत्राचा संपादक पिएर जिफार याने ड्रेफसची बाजू घेतली. चिडलेल्या उद्योगपतींनी जाहिराती काढून घेतल्या आणि आंरी देग्रांज याच्या संपादकत्वाखाली प्रतिस्पर्धी पत्र काढले. तेच पुढे 'लोतो'. खप वाढेना, तेव्हा जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराने फ्रान्सभर फिरणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. १ जुलै १९०३ रोजी ६० स्वार पॅरिसबाहेरील मोंझरों येथून निघाले, २१ परतले. खप दुपटीहून अधिक वाढला आणि पुढच्याच वर्षी 'ल वेलो' बंद पडले.

७/ म्हणजे शर्यत भरवणारा, नियम करणारा, दंड ठोठावणारा आणि त्या सगळ्याचे वर्णन लिहिणारा एकच. बखरकार धन्याच्या पदरी असतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. येथे तर धनीच बखरकार होता. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतात युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. तो सायकल खांद्यावर घेऊन सेंत-मारी-द-कांपां गावापर्यंत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने चिमटा स्वतः जोडला. भाता एका मुलाने ओढला, म्हणून बाहेरची मदत घेतल्याचा दंड झाला! हा प्रसंग शौर्यगाथा म्हणून शतकभर सांगितला गेला. हा नियम कुणी केला, हे गाथेत क्वचितच येते.

८/ १९२४ मध्ये तटबंदीला पहिले खिंडार पडले, आणि ते पाडणारा बाहेरचा होता. आल्बेर लोंद्र हा 'ल पती पारिझियँ' या दैनिकाचा वार्ताहर, नुकताच फ्रान्सच्या काळ्या पाण्याच्या वसाहतीवर लिहून आलेला. जर्सी अंगावरून टाकून देण्याच्या क्षुल्लक वादातून गतविजेता आंरी पेलिसिए, भाऊ फ्रान्सिस व मोरीस व्हिल यांच्यासह शर्यत सोडून कुतांस येथील कॅफेत बसला होता. लोंद्रने त्यांना गाठले. त्यांनी पिशव्यांतून कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. लोंद्रला सायकलीतले फारसे कळत नव्हते, असे त्याचे टीकाकार म्हणत. भोळ्या पत्रकाराची आपण जरा फिरकी घेतली, असे फ्रान्सिसनेही पुढे सांगितल्याची नोंद आहे. तरीही त्याचे वार्तापत्र वाचलेच पाहिजे, कारण त्याचा पगार शर्यतीच्या तिजोरीतून येत नव्हता.

९/ या काळाचा पक्का इतिहास हवा असल्यास ख्रिस्तोफर थॉम्प्सन यांचे 'द टूर द फ्रान्स : अ कल्चरल हिस्ट्री' (२००६) घ्यावे. लेखन शुष्क आहे. टिपा भरघोस आहेत. रोलां बार्थचा 'मिथॉलॉजीज'मधील महाकाव्यविषयक निबंध त्यानंतर वाचावा, आधी नव्हे, अन्यथा पर्वत देव होतात आणि माणसे दिसेनाशी होतात.

१०/ इटलीची गोष्ट वेगळी नाही. 'गॅझेटा देल्लो स्पोर्ट'ने १९०९ मध्ये जिरो ही शर्यत सुरू केली. पत्राचा गुलाबी कागद पुढे नेत्याच्या जर्सीचा रंग झाला. १४ जुलै १९४८ रोजी साम्यवादी नेते तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, देश पेटण्याच्या बेतात होता आणि फ्रान्समधील बार्तालीच्या विजयाने यादवी टळली, असे इटलीत सांगितले जाते. जॉन फूट यांचे 'पेदालारे! पेदालारे!' (२०११) ही दंतकथा शांतपणे उलगडते. तरुण वाचकाने पहिले पुस्तक म्हणून हेच निवडावे. त्यात खेळही आहे आणि साधनांची पारखही.

११/ बार्तालीचीच दुसरी कथा अधिक नाजूक आहे. युद्धकाळात त्याने सायकलच्या नळीत बनावट कागदपत्रे लपवून नेली आणि ज्यूंचे प्राण वाचवले, असे 'रोड टु व्हॅलर' (२०१२) सांगते. २०१३ मध्ये याद वाशेमने त्याला सन्मानित केले. २०२१ मध्ये स्तेफानो व मार्को पिवातो यांनी ही कथा रचलेली असल्याचा दावा पुस्तकरूपाने मांडला. दोन्ही बाजू वाचल्याविना मत बनवणे घाईचे ठरेल.

१२/ पुस्तकाचे नावही फसवू शकते. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन व्हाँतू पर्वतावर कोसळून मरण पावला. विल्यम फॉदरिंगहॅम यांचे त्याच्यावरील उत्तम चरित्र 'पुट मी बॅक ऑन माय बाइक' या नावाचे आहे. सिम्पसनचे म्हणून गाजलेले हे अखेरचे शब्द तेथे हजर नसलेल्या एका वार्ताहराने रचलेले होते.

१३/ आणि ज्यांची बखरच झाली नाही, त्यांचे काय? १९२४ च्या जिरोत मोठ्या संघांनी पैशांवरून बहिष्कार घातला, तेव्हा आयोजकांनी आल्फोन्सिना स्त्रादा या महिलेला प्रवेश दिला. वेळेच्या मर्यादेबाहेर गेल्यावरही ती मिलानपर्यंत सायकल चालवत राहिली. इझाबेल बेस्ट यांचे 'क्वीन्स ऑफ पेन' (२०१८) महिला स्वारांचा हा विस्मृतीत गेलेला इतिहास गोळा करते.

१४/ शेवटी एक कादंबरी, टिम क्राबे यांची 'द रायडर' (१९७८). तिच्यात एक आख्यायिका येते. चढणीपूर्वी सायकल हलकी व्हावी म्हणून जाक आंकतील पाण्याची बाटली काढून जर्सीच्या खिशात ठेवत असे. क्राबे जुनी छायाचित्रे तपासतो, तर प्रत्येक चित्रात बाटली सायकलवरच. आणि मग तो बेधडक सांगतो की कथा खरी, छायाचित्रे चुकली.