बीटा टाकलात, पण कळवलंत का?

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या फोनवर आत्ता कशाचं ना कशाचं बीटा व्हर्जन आहे? आणि ते टाकल्यापासून त्यातली एक तरी चूक तुम्ही कंपनीला कळवली आहे का? दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच होतं. सेकंड इयरला असताना मी फोनवर बीटा टाकला. का, तर वर्गात कुणाकडेच तो नव्हता. चारच दिवसांत इंटरनलसाठी घेतलेली चाळीस मिनिटांची मुलाखत रेकॉर्डरने गिळली. फाइल दिसायची, पण उघडली की नुसती शांतता. मी वैतागून स्टेटस टाकलं, मित्रमंडळींनी रडके इमोजी पाठवले, विषय संपला. ज्यांना ती चूक दुरुस्त करता आली असती, त्यांना मात्र मी एक ओळही लिहिली नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझा इंजिनीअरिंगचा एक मित्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स १० चा बीटा आला आणि हा पठ्ठ्या तो कॉलेजच्या लॅबमध्ये टाकायला निघाला. मला आधी कळेचना की यात एवढं काय आहे. नवे इमोजी नाहीत, नवी थीम नाही. ही सिस्टिम आपल्या खिशात राहत नाही. ती चालते सर्व्हरवर, कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये. एकदा पक्की आवृत्ती आली की कंपनी ती दहा वर्षं सांभाळते. म्हणजे बीटामध्ये जी चूक सुटली, ती पुढे कुणाच्या तरी डोक्याला बराच काळ ताप देऊ शकते. नोव्हेंबरात बीटा आणि मे २०२५ मध्ये पक्की आवृत्ती. चुका पकडायला मधले फक्त सहा महिने.

आता मित्राच्या लॅबचं ऐका. लॅब असिस्टंट काकांना मस्का मारून त्याने कोपऱ्यातलं एक जुनं मशिन मिळवलं. पेनड्राइव्ह लावला, आणि इन्स्टॉलर सुरू व्हायच्या आतच सगळं ठप्प. स्क्रीनवर मेसेज: सीपीयू 'एक्स८६-६४-व्ही३'ला सपोर्ट करत नाही. साहेबांनी उत्साहाच्या भरात रिपोर्ट ठोकला. उत्तर आलं की ही चूक नाही, हे ठरवूनच केलंय. आणि ते खरंच होतं. या आवृत्तीपासून साधारण २०१३ नंतरचे प्रोसेसरच चालणार, हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. त्याने रिलीज नोट्स वाचल्याच नव्हत्या. दोन दिवस तोंड पाडून बसला होता.

मी त्याला हसले, पण नंतर वाटलं, निदान त्याने कळवलं तरी. कारण न कळवण्यापेक्षाही वाईट एक प्रकार आहे: कळवूनही कुणी न ऐकणं. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट आणलं, आणि त्याच दिवशी ऑफिसांसाठीचं विंडोज सर्व्हर २०१९ सुद्धा. काही दिवसांतच लोक ओरडायला लागले की अपडेटनंतर डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच गायब झाल्या. ज्यांनी आपला डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि जुन्या जागी काही फाइली तशाच राहिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने सरळ साफ केला होता. मायक्रोसॉफ्टला अपडेट थांबवावं लागलं. दोन्ही गोष्टी पुन्हा आल्या त्या थेट १३ नोव्हेंबरला.

खरी गंमत पुढे आहे. (गंमत कसली!) काही बीटा टेस्टर्सनी ही चूक आधीच कंपनीच्या फीडबॅक हबवर लिहून ठेवली होती. पण तिथे तक्रारी वर येतात त्या मतांवर, आणि या तक्रारीला मतं होती थोडीशीच. कशी असणार? फार थोड्या लोकांच्या फाइली जात होत्या. ज्याची गेली त्याचं सगळं गेलं, बाकीच्यांना पत्ताच नाही. नंतर कंपनीने 'ही चूक किती गंभीर आहे' हे सांगायची सोय त्या हबमध्ये केली. लाइक्स मोजून खरं-खोटं ठरवायची सवय फक्त आपल्यालाच आहे असं मला वाटायचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की बीटा टाकणं ही मिरवायची गोष्ट नाही, ती लिहायची गोष्ट आहे. आणि लिहायचं कसं, ते आमच्या पत्रकारितेच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. काय, कुठे, कधी, कोण, कसं. 'तुमची सिस्टिम बकवास आहे' हा रिपोर्ट नव्हे. कोणती आवृत्ती, कोणतं मशिन, मी ओळीने काय काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, पुन्हा केलं तर पुन्हा तसंच होतं का, एवढं हवं. आणि माझ्या मुलाखतीसारखा माल बुडाला असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा, लाजू नका. हो, आणि ज्या एकमेव लॅपटॉपवर तुमचं प्रोजेक्ट आहे त्यावर बीटा टाकू नका. व्हर्च्युअल मशिन वापरा. रेड हॅट स्वतःच सांगते की बीटा खऱ्या कामाला लावू नका.

तुमच्यातला कुणीतरी विचारणारच, की कंपनी ही सिस्टिम सबस्क्रिप्शन घेऊन विकते, मग आम्ही फुकट का राबायचं? प्रश्न बरोबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये याच कंपनीने जाहीर केलं की सेंटओएस लिनक्स ८ ही तिची फुकट मिळणारी जुळी बहीण २०२१ अखेर बंद होणार. आधी सांगितलं होतं २०२९. तिच्यावर विसंबून मशिनं उभी केलेले लोक भडकले, आणि माझ्या मते ते भडकणं योग्यच होतं. पुढे वैयक्तिक वापरासाठी १६ मशिनांपर्यंत फुकट परवानगी आली, पण विश्वास असा डाउनलोड करता येत नाही. म्हणून मी म्हणेन, मेहनत करायचीच तर उघड्यावर करा. फेडोरा हा याच सिस्टिमचा खुला पूर्वज आहे; आवृत्ती १० बेतली गेली ती फेडोरा ४० वर. तिथला प्रत्येक रिपोर्ट कुणालाही वाचता येतो, खाली तुमचं नाव राहतं. इंटरव्ह्यूमध्ये 'आय नो लिनक्स' म्हणण्यापेक्षा ती लिंक दाखवणं कधीही भारी.

शिवाय काही चुका फक्त आपल्यालाच दिसतील. 'दुसऱ्या' किंवा 'कुऱ्हाड' लिहिताना चंद्रकोरीसारखा 'ऱ' नीट येतो की नाही, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसतो की हिंदी वळणाचा, 'ॲ' टाइप होतो की तुटतो, हे मराठी न येणाऱ्या इंजिनीअरच्या लक्षातच येणार नाही. फेडोरात खास भाषांसाठी टेस्ट डे होतात. त्यात भाग घ्यायला कोडिंग लागत नाही. बीए मराठीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

मित्राचं काय झालं विचाराल तर, मे २०२५ मध्ये अल्मालिनक्स १० आलं. रेड हॅटच्याच धर्तीवरचं, फुकट, आणि जुन्या प्रोसेसरसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. या वेळी त्याने रिलीज नोट्स आधी वाचल्या. कोपऱ्यातलं ते मशिन आता सुरू झालंय. परवा मी लॅबमध्ये गेले तेव्हा त्यावर 'दुसऱ्या' टाइप करून पाहिलं. 'ऱ' नीट आला. मित्र मागून म्हणाला, "आता 'कुऱ्हाड' टाक."