"दात येताहेत, सकाळी बघू"



बाळ तापलं की आपल्या घरात दोन वाक्यं ठरलेली. "दात येताहेत, सकाळी बघू" आणि "दृष्ट काढा." थर्मामीटर मात्र कपाटातच! मला या वाक्यांचा आता राग येतो, कारण मीही ती बोलले आहे.

नात दोन महिन्यांची होती. रात्री ताप १००.८. ना सर्दी, ना खोकला. मी म्हणाले, सकाळी जाऊ. सुनेने ऐकलं नाही, तशीच निघाली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. चूक माझी होती.

दात येताना अंग जरा कोमट लागेल. १०२ ताप दातांचा नसतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला, तर ते हसत असलं तरी लगेच डॉक्टर गाठा. मोठ्या मुलात आकड्याइतकंच मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, तर थोडं थांबता येतं. पण दूध-पाणी घेत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटका आला, धाप लागली, उठवूनही गुंगीतच आहे, आठ तास शू नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा.

आणि "रात्री तोंडात औषध कसं घालायचं?" हे तर म्हणूच नका. चौविहार आपण घेतलाय, तान्ह्याने नाही. आपल्या पच्चक्खाणातसुद्धा आजारपणासाठी आगार आहेत. औषधाचा चमचा अडवून पुण्य जमेला लागत नाही. मी कॉमर्सची, एवढा हिशेब मला कळतो.