शिक्षक आझाद मैदानात, पालक कुठे?

जुलै २०२५ मध्ये अंशतः अनुदानित शाळांचे हजारो शिक्षक भर पावसात मुंबईच्या आझाद मैदानात बसले होते. मागणी नवी नव्हती. अनुदानाचा पुढचा २० टक्क्यांचा टप्पा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्येच मंजूर केला होता, पण पैशाची तरतूद झालेली नव्हती. विरोधी पक्षांचे बडे नेते येऊन गेले, सरकारने आश्वासन दिलं आणि शिक्षक आपापल्या गावी परतले. पुढे ५ डिसेंबरला टीईटीची सक्ती आणि संच मान्यतेच्या निकषांविरोधात शिक्षक संघटनांनी ‘शाळा बंद’ची हाक दिली. शिक्षण विभागाने एक दिवसाचा पगार कापण्याचा इशारा दिला.

या दोन्ही वेळी आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सवाल फिरत होता: उद्या शाळा आहे की सुट्टी? शिक्षक का बसलेत, त्यांच्या मागण्यांमध्ये आपल्या मुलांचं काय आहे, हे कुणी विचारलं नाही. ‘त्यांच्या पगाराचं भांडण आहे, ते बघून घेतील’ असं म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा समज आपल्याला महागात पडतोय, आणि सगळ्यात जास्त महागात पडतोय जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित उर्दू शाळांत मुलं पाठवणाऱ्या कुटुंबांना.

करार आहे, वाटाघाटी नाहीत

परदेशात शिक्षकांच्या संघटना आणि शाळा चालवणारं मंडळ ठराविक वर्षांनी समोरासमोर बसतात आणि करार करतात. आपल्याकडे टेबलच नाही. आपल्याकडे शासन निर्णय निघतो, त्याविरुद्ध मोर्चा निघतो, मग कधी दुरुस्ती होते, कधी होत नाही.

शिक्षण सेवक योजनाच बघा. २००० साली ती सुरू झाली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं पगारावर नाही, तर मानधनावर काम करायचं. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला कित्येक वर्षं महिना ६ हजार रुपये मिळत होते. डी.एड. झालेला तरुण रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी कमवत होता. शिक्षकांनी पाठपुरावा केला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२४ चं. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, १५ हजार मानधनावर नेमायचा, असा निर्णय निघाला. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ही मर्यादा १० पटापर्यंत खाली आणली गेली. २५ सप्टेंबरला प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. म्हणजे लहान वाडीवस्तीवरच्या शाळेतला कायमचा शिक्षक वाचला, तो या आंदोलनामुळे. त्याचा फायदा कुणाला झाला? शिक्षकाला झालाच, पण त्या वर्गात बसणाऱ्या मुलांनाही झाला. वर्ष संपताना ज्याची मुदत संपणार, तो शिक्षक मुलाच्या पुढच्या इयत्तेची काळजी किती करणार?

उर्दू शाळेचं गणित वेगळं

हे प्रश्न सगळ्याच शाळांचे आहेत, पण उर्दू शाळेत ते दुप्पट होतात. मराठी शाळेतला शिक्षक रजेवर गेला तर केंद्रातल्या शेजारच्या शाळेतून कुणाला तरी पाठवता येतं. उर्दू शाळेला असा शेजारी सहसा नसतो. पुढची उर्दू शाळा दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या तालुक्यात. शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरला तर त्याचं समायोजनही तितकंच लांब होतं. त्यात आरक्षणाच्या बिंदुनामावलीचा प्रश्न आहे. अनुसूचित जमातीसाठी राखीव असलेल्या जागेवर उर्दू माध्यमातून शिकलेला उमेदवार सहसा मिळत नाही, मग ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. आरक्षणाला आपला विरोध असण्याचं कारणच नाही. पण अशा जागांसाठी काहीतरी वेगळी वाट सरकारने काढली पाहिजे, ही मागणी जुनीच आहे.

आता संच मान्यता. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकपदांचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, हा संघटनांचा मुख्य आक्षेप आहे. उलट शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची सांगते की सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक हवाच. आता आपल्या गावचा विचार करा. सातवीत सहा मुली, आठवीत पाच. शिक्षक गेला तर या मुली कुठे जातील? मुलगा एसटीने तालुक्याला जाईल. मुलीचं शिक्षण मात्र बहुतेक घरांत तिथेच थांबेल. ‘पट कमी’ या दोन शब्दांचा अर्थ आपल्या घरात हा असतो.

आणि हे चक्र आपणही फिरवतो. शिक्षक कमी झाले की आपण मुलाला कॉन्व्हेंटला घालतो. पट आणखी घसरतो, आणखी एक पद जातं. शेवटी ज्यांच्याकडे फी भरायला पैसे नाहीत तेवढीच मुलं मागे उरतात.

टीईटीचा पेच

१ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे त्यांनी दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. हा खटला आपल्यासाठी परका नाही. निकालाला नाव मिळालंय ते महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचं. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लावायचा की नाही, हा प्रश्न कोर्टाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या उर्दू शाळांना मात्र अशी सवलत नाही.

शिक्षकाची परीक्षा घेऊ नये, असं आमचं म्हणणं नाही. मुलाला शिकवणारा माणूस लायक असलाच पाहिजे, ही पालकांची अपेक्षा रास्त आहे. पण वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला अभ्यासाला वेळ द्या, उर्दूतून प्रशिक्षण द्या, त्याच्या डोक्यावरची बिनशैक्षणिक कामं कमी करा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामं शिक्षकाला लावू नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं. प्रत्यक्षात ॲपवर फोटो चढवण्यात आणि रोजची माहिती भरण्यात त्याचे तास जातात. ते तास आपल्या मुलांच्या वाट्याचे असतात.

‘पण त्यांचे पगार बघा!’

पालकांचा राग आम्ही नाकारत नाही. कायम शिक्षकाचा पगार मोहल्ल्यातल्या बहुतेकांच्या कमाईपेक्षा जास्त आहे. काही शिक्षक वेळेवर येत नाहीत. बऱ्याच जणांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत आहेत. मग आम्ही त्यांच्यासाठी का उभं राहायचं?

याचं उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागेल. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ३० हजारांहून जास्त सरकारी शिक्षकांनी शाळेचे सहा दिवस संप केला. तिथेही आई-बाप कामावर जाणारे, मुलं कुठे ठेवायची हा त्यांचाही प्रश्न होता. तरी अनेक पालक पावसात शिक्षकांसोबत उभे राहिले, कारण मागण्यांच्या यादीत पगाराबरोबर वर्गातली गर्दी कमी करणं आणि प्रत्येक शाळेत नर्स नेमणं हेही होतं. करारातही त्या गोष्टी आल्या. आपल्या संघटनांनी हे शिकण्यासारखं आहे. पेन्शन मागा, पण त्याच निवेदनात रिकामी पदं, विज्ञानाचा शिक्षक, मुलींसाठी स्वच्छ शौचालय हेही लिहा. बुडालेले तास भरून काढण्याचा शब्द पालकांना आधी द्या. मग मोहल्ला तुमच्या मागे येईल.

आणि सवाल फक्त सरकारलाच नाही. आपल्या समाजाचे ट्रस्ट आणि सोसायट्याही शाळा चालवतात. तिथल्या विनाअनुदानित तुकड्यांवरच्या आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना किती मिळतं, हे संचालक मंडळाने कधी जमातीसमोर सांगितलंय का? सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, अशा तक्रारी कानावर येतात. शाळेच्या गेटवर संगमरवरी पाटी बसवायला देणगी मिळते, शिक्षकाच्या मानधनाला मिळत नाही. सरकारकडे न्याय मागायचा तर आपलं घरही साफ हवं.

फातिमा शेख यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाईंना काळजी आहे ती याची, की आपल्या मागे शाळेच्या कामाचा भार एकट्या फातिमावर पडत असेल. एक शिक्षिका गैरहजर, तर दुसरीवर सगळा बोजा. दोनशिक्षकी शाळेत आजही तेच चालू आहे. त्या काळी शाळा टिकली, कारण उस्मान शेख यांच्यासारख्या माणसाने आपलं घर उघडलं होतं. शिक्षिकेचं नाव लक्षात ठेवताना तिला आधार देणारं घरही लक्षात ठेवायला हवं.

आपण काय करू शकतो

कायद्याने आपल्या हातात एक साधन दिलंय, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे, पण जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत तिच्या ठरावाला वजन आहे. बहुतेक ठिकाणी मात्र रजिस्टर घरी येतं आणि आपण सही करतो.

पुढच्या बैठकीला जा. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे मुख्याध्यापकांना विचारा. एकूण मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवता येत नाहीत, असं कलम २६ सांगतं. तसं असेल तर ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. शिक्षक आंदोलनाला जाणार असतील तर आधी त्यांच्यासोबत बसा, मागण्या समजून घ्या. पटतील त्यांना लेखी पाठिंबा द्या, पटणार नाहीत त्या तोंडावर सांगा. त्या दिवसांत शिकलेल्या मुली-मुलांनी मशिदीच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या अंगणात लहानांचा अभ्यास घेतला तर मुलांचं नुकसानही कमी होईल.

मोर्चात फक्त शिक्षक असले तर सरकारला ती पगाराची मागणी दिसते. त्यांच्या शेजारी आठवीतल्या मुलीची अम्मी उभी राहिली, तर तीच मागणी शाळेची होते.