राउटर बिघडला, संशय कुणावर?



घरातले इंटरनेट अधूनमधून बंद पडू लागले की प्रत्येक जण आपापला निकाल देऊन मोकळा होतो. अब्बा म्हणतात, लाइनवाले लबाड आहेत. अम्मी म्हणते, पोरगी सारखी मोबाइलवर असते, म्हणून नेट संपते. मुलगा म्हणतो, राउटर जुना झाला, नवा आणा. तपास मात्र कुणी करीत नाही. आता हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा राहिलेला नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. हजचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. आखाती देशात कामाला गेलेल्या बापाचा चेहरा लेकरांना याच डब्यामुळे दिसतो.

सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी पडताळून घेण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान होते आणि मागाहून पस्तावावे लागते. हा नियम यंत्राच्या बाबतीतही उपयोगी पडतो.

आधी यंत्र समजून घेऊ. राउटर एकाच डब्यात दोन कामे करतो. बाहेरून आलेली लाइन घरात घेणे हे पहिले काम. ती रेडिओ लहरींवरून मोबाइलपर्यंत पोहोचवणे हे दुसरे. दुसरे काम करणाऱ्या भागाला वाय-फाय कार्ड म्हणतात. काही यंत्रांत ते सुटे असते, बहुतेक घरगुती राउटरमध्ये मुख्य बोर्डावरच बसवलेले असते. हे कार्ड दगा देऊ लागले की वाय-फायचे नाव मोबाइलमधून गायब होते, किंवा नाव दिसते पण जोडणी होत नाही. बंद करून चालू केले की तासभर ठीक चालते, पुन्हा तेच.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी असेच झाले. रोज दुपारी वाय-फाय तुटे. दोष मुलीवर आला आणि मोबाइल काढून घेतला गेला, तोही कॉलेजांचे पसंतीक्रम भरण्याच्या आठवड्यात. आम्ही घरच्यांना एवढेच सुचवले की, एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहा. केबलवर दोन तास इंटरनेट अखंड चालले. तेवढ्या वेळात वाय-फाय तीनदा तुटले. म्हणजे लाइन ठीक होती आणि मुलगीही निर्दोष होती. केबल आणि वाय-फाय दोन्ही एकदम बंद पडली असती, तर लाइन किंवा विजेचा पुरवठा तपासावा लागला असता. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे; तेथे घरच्या उपायांचा उपयोग नसतो. आणि एकाच मोबाइलचे वाय-फाय तुटत असेल, बाकीचे चालू असतील, तर आधी तो मोबाइल तपासावा.

दोष वाय-फायकडे आहे असे दिसले तरी कार्ड खराब झाले, असे लगेच ठरवू नये. आधी चार गोष्टी पाहाव्यात, आणि एका वेळी एकच बदलावी. सगळे एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली गोष्ट उष्णता. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. राउटर शोकेसमध्ये कोंडू नये, त्यावर विणलेला रुमाल घालू नये.

दुसरी गोष्ट अ‍ॅडॉप्टर. जुना अ‍ॅडॉप्टर पुरेशी वीज देत नाही, आणि चार मोबाइल जोडले की राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त आणि पिन तशीच असावी.

तिसरी गोष्ट शेजार. दाट वस्तीत सगळ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत मिसळतात. सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ निवडून पाहावे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ चांगले चालते, पण जाड भिंतीपलीकडे ते लवकर क्षीण होते.

चौथी गोष्ट राउटरमधली प्रणाली, म्हणजे फर्मवेअर. ती अद्ययावत करताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम इन्व्हर्टर असेल तेव्हाच करावे. मागचे रीसेटचे बटण दाबण्यापूर्वी लाइनचे युजरनेम आणि पासवर्ड वहीत उतरवून ठेवावेत.

त्या घरी राउटर शोकेसमधून बाहेर काढल्यावर तुटणे कमी झाले, पण थांबले नाही. अ‍ॅडॉप्टर बदलला, चॅनेल बदलले, फर्मवेअरही झाले. फरक पडला नाही. तेव्हा कार्डच बिघडल्याचे नक्की झाले. राउटर लाइनवाल्यांच्याच मालकीचा होता. कोणत्या वेळी काय तुटले याची नोंद दाखवल्यावर त्यांनी तो बदलून दिला. राउटर स्वतःचा असेल तरी फेकू नये. त्याचे वाय-फाय बंद करून केबलने एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडला, तर बाकीचा राउटर चालू राहतो आणि खर्चही वाचतो.

मुलीला मोबाइल परत मिळाला आणि पसंतीक्रम वेळेत भरले गेले. अम्मीने तिला जवळ घेऊन समजूत काढली, हे आम्हाला त्याहून मोलाचे वाटले.

आमच्या अमळनेरात १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या क्षेत्रात गेली. अशा गावातल्या घरांनी एका डब्याला बिचकण्याचे कारण नाही. राउटरजवळ एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणता दिवा लागला आणि केबलवर चालते का, एवढेच लिहा. हे काम घरातल्या मुलीकडे सोपवा. जिच्यावर पहिला संशय जातो, तीच तपास उत्तम करील, इन्शाअल्लाह.