दारापुढची वाळू



पेसाह जवळ आला की आपल्या घरोघरी काय चालते ते सांगायला नको. कपाटे रिकामी होतात, गाद्या गच्चीवर जातात, हामेसचा कण न् कण शोधला जातो. शेवटी स्पोंजा करून पाणी दाराबाहेर लोटले की घरची बाई म्हणते, "झालं एकदाचं!" आमचे म्हणणे असे की झालेले नसते. दाराबाहेरचे राहिलेले असते. पायऱ्या, फाटक, गाडी उभी करायची फरशी आणि तिच्या कडेचे गटार. हिवाळाभराची धूळ, पाने, पावसाचा गाळ सगळे तिथे तसेच असते. या खेपेस त्याविषयी, आणि ही विद्या जिथून आमच्याकडे आली त्या सौदी अरेबियाविषयी थोडे लिहितो.

सौदी म्हटल्यावर मुले डोळे मोठे करतील. आम्ही तिथे गेलेलो नाही, पण आमचे शेजारी गेले. आपण 1948 नंतर इकडे आलो. पुढे 1970 नंतर तेलाचा पैसा वाढला, तेव्हा अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी मुसलमान घरांतली मुले कामाला तिकडे गेली. एलातच्या किनाऱ्यावर उभे राहा. पलीकडे अकाबा दिसते, आणि तिच्या दक्षिणेला जे डोंगर दिसतात ते सौदीचे. एकाच वाडीतली दोन घरे, मध्ये एवढेसे पाणी.

दोन वर्षांपूर्वी खंडाळ्यास एलियाहू हान्नाबीचा नवस फेडायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा आमच्या जुन्या गावीही गेलो. शेजारच्या खालाचा मुलगा रियाधहून सुट्टीवर आला होता. अठरा वर्षे तो एका व्हिलांच्या कंपाउंडमध्ये देखभालीचे काम करतो. आम्ही आपले कौतुकाने म्हणालो, "आमच्या बीरशेवात फार धूळ रे बाबा." तो हसला. म्हणाला, "काका, तुमची ती धूळ. आमच्याकडे वाळूची भिंत चालत येते."

10 मार्च 2009 ची गोष्ट त्याने सांगितली. भर दिवसा रियाध काळोखले, विमानतळ बंद ठेवावा लागला, आणि वारा थांबल्यावर फाटक उघडेना, इतकी वाळू त्याला टेकून बसली होती. तिकडे मार्च ते मे हे वादळांचे दिवस. उत्तरेला तबूककडच्या जबल अल-लौझवर, म्हणजे बदामांच्या डोंगरावर, काही हिवाळ्यांत बर्फसुद्धा पडते. पण बर्फ आपले आपण वितळते, वाळू उचलावी लागते.

ती कशी उचलतात हे आम्ही त्याच्याकडून ओट्यावर बसून ऐकले. तेच आता तुम्हांला सांगतो.

पहिले म्हणजे घाई नको. वारा पूर्ण पडू द्यावा आणि काम पहाटे करावे. नाकातोंडावर ओले फडके बांधावे. दम्याच्या माणसांनी आणि आमच्या वयाच्या मंडळींनी तर ह्या कामात पडूच नये, खुर्चीवर बसून हुकूम सोडावेत!

दुसरे, वरून खाली यावे. आधी भिंतीचा माथा, गाडीवरचे छप्पर, फाटकाची वरची पट्टी, जमीन शेवटी. नाहीतर एकच काम दोनदा.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. त्याच्याच शब्दांत: "काका, पाणी शेवटी. आधी पाणी मारलं की चिखल होतो, नि चिखल वाळला की सिमीट." बारीक धूळ ठोकळ्यांच्या फटींत आणि गटाराच्या जाळीत जाऊन घट्ट बसते. म्हणून आधी फावड्याने, मग ताठ झाडूने कोरडेच झाडावे. पाणी लागले तर बादलीभर. सौदीत एकही बारमाही नदी नाही, पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राचे गोडे करून येते. आपल्याकडेही तेच, तेव्हा नळी सोडून देणे बरे नव्हे.

चौथे, सरकत्या फाटकाचा रूळ. त्याला आपण हौसेने ग्रीस फासतो. ग्रीसला वाळू चिकटते आणि फाटक अडते. तो रूळ कोरड्या ब्रशाने साफ करावा, बस्स.

पाचवे, ठोकळ्यांच्या फटीतली वाळू उडून गेली असेल तर नवी भरावी, नाहीतर ठोकळे हलू लागतात. मात्र वाळवंटातली नको. वाऱ्याने घासून तिचे कण गोल झालेले असतात, ते एकमेकांत अडकत नाहीत. खडीची चूर चांगली. उडून आलेली वाळू अगदीच फुकट नाही. गाडीखालच्या तेलाच्या डागावर पसरावी, तेल शोषून घेते.

सहावे, गटाराची जाळी. 25 नोव्हेंबर 2009 रोजी जेद्दाला काही तासांत इतका पाऊस झाला की शंभरावर माणसे दगावली. ओढ्यांच्या वाटेवर वस्ती झाली होती आणि पाण्याला जायला नीट वाट नव्हती. वाळवंटातला पाऊस वर्षातून थोडे दिवस येतो, म्हणून माणूस त्याला विसरतो.

कॅनडा-अमेरिकेतले आपले वाचक म्हणतील, आमच्याकडे वाळू कुठली? तुमच्याकडे मीठ आणि बर्फ. फटीत पाणी शिरते, गोठते, सुमारे 9 टक्के फुगते आणि भेग रुंदावते. तेव्हा तुम्ही मीठ झाडून, धुऊन, भेगा उन्हाळ्यातच बुजवा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. सौदीच्या पूर्वेला अल-अहसा नावाचे मोठे ओअॅसिस आहे. तिथल्या शेतांवर आणि गावांवर वाळूच्या टेकड्या चालून येत होत्या. 1962 पासून तिथे झाडांच्या रांगा लावून वाळू अडवली. झाड कोणते? अरबीत अथ्ल. आपल्या तोरात अब्राहामाने बीरशेवाला लावलेले एशेल ते हेच. खाऱ्या पाण्यावरही जगते, मुळे खोल नेते. बागेत एशेल दिसले तर घरी येऊन सांगा.

आता शेवटचे. त्या संध्याकाळी आम्ही आमच्या बंद घराकडे गेलो. कौले बसलेली, दाराला कुलूप. शेवाळाने भरलेले अंगण बघायची मनाची तयारी केली होती. पाहतो तो अंगण स्वच्छ! खराट्याच्या रेघा ताज्या होत्या. आम्ही विचारले, "हे कोणी झाडलं?"

तो जरा अवघडला. म्हणाला, "मी, सकाळी. अम्मी दरवर्षी पाऊस संपला की झाडायची. म्हणायची, बंद घर असलं तरी दार लोकांचं आहे, ओसाड दिसू नये. ती गेली. आता मी सुट्टीवर आलो की झाडतो."

आम्ही गाव सोडून साठ वर्षे होत आली. खालाला आम्ही एक पत्रसुद्धा लिहिले नव्हते. वर्षभर परक्याचे अंगण झाडणारा तो मुलगा चार आठवड्यांच्या सुट्टीत येऊन आमचेही झाडतो, आणि आम्हांला ठाऊक नाही. पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. हिने पिशवीतला मलिद्याचा प्रसाद दिला, तो मात्र दोन्ही हातांनी घेतला.

तर वाचकहो, या पेसाहला आपले दार झाडाल तेव्हा शेजारचेही दोन हात झाडा. शेजारी म्हातारे असतील तर विचारूसुद्धा नका, झाडून टाका. आणि गावाकडे कोणी आपले दार राखत असेल तर त्यांना पत्र लिहा. आम्ही लिहिले, उशिरा का होईना.

हाग समेआह! पुढच्या अंकी भेटू.