हत्ती व्हा, नाणं उडवा

मुलांना शहर दाखवायला नेणारे बहुतेक मोठे शहर दाखवत नाहीत, ऐकवतात. शनिवारवाड्यासमोर उभं राहून थोरले बाजीराव, १७३२, १८२८ची आग हे सगळं एका दमात सांगून होतं, आणि ते संपेपर्यंत नऊ वर्षांचा श्रोता फुगेवाल्याकडे तोंड करून उभा असतो. मला यात फुगेवाल्याची बाजू घ्यावीशी वाटते. तो निदान काहीतरी हातात देतो.

पुण्याच्या पेठांतून मुलांबरोबर पायी फिरायचं तर माझा एकच हट्ट असतो: विचारल्याशिवाय मोठ्यांनी माहिती सांगायची नाही. जीभ फारच वळवळली तर खेळ सांगावा.

शनिवारवाड्याचंच घ्या. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर भलेमोठे अणकुचीदार खिळे आहेत. ते कुणासाठी, एवढंच विचारायचं. 'चोरासाठी' हे उत्तर हमखास येतं. मग एखाद्या बाबाला चोर करून दारापाशी उभं करायचं. बहुतेक खिळे त्याच्या डोक्याच्या वर. घोड्यासाठी? घोडा केवढा असतो यावर थोडी भांडाभांडी होते. शेवटी कुणाला तरी हत्ती सुचतो, आणि कपाळाने दार फोडायला येणारा हत्ती व्हायला सगळेच तयार असतात. हत्ती एकदा सापडला की प्रश्नांना तोंड फुटतं. कुणाचा हत्ती? तो का येणार? मग घरची माणसं आत कशी जायची? (दारातल्या छोट्या दिंडीतून, वाकून.) आता सांगा हवे तेवढे बाजीराव. एरवी कंटाळलेली हीच पोरं कान टवकारून ऐकतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना पाण्याचा माग काढायला लावावं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, सगळी भिस्त उतारावर. ते हौदांत पडायचं आणि लोक तिथून भरायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आजही पत्त्यांत आहेत. हौदांचं मात्र तसं नाही. दुकानाच्या पाटीवर, रिक्षाथांब्यावर 'हौद' दिसला की एक गुण, खराखुरा हौद दाखवला तर दहा. पाणी कुठून कुठे गेलं असेल, हे रस्त्याचा उतार पाहून ठरवायचं. सपाट वाटणाऱ्या रस्त्याला उतार आहे की नाही, ते पाहायला मुलं बाटलीतलं घोटभर पाणी खुशाल ओततात. ओतू द्यावं.

देवळांच्या नावांचा खेळ तर बसल्या जागी मिळतो. डुल्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. देवाचं हे नाव कसं पडलं असेल, याची गोष्ट प्रत्येकाने आधी स्वतः रचायची आणि मग शेजारच्या दुकानदाराला खरी विचारायची. दोन दुकानदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, दोघेही तितक्याच ठामपणे. कुठली खरी, हे मुलांनी मतदानाने ठरवावं.

कसब्यातल्या तांबट आळीत डोळे मिटून, मोठ्यांचा हात धरून जायचं आणि ठोक्यांचा आवाज येऊ लागला की थांबायचं. कामाच्या दिवशी जावं, नाहीतर आळी गप्प असते.

पण माझ्या लेखी सगळ्यात सरस खेळ मंडईतला. १८८६ साली सुरू झालेली ही दगडी इमारत तेव्हा रे मार्केट म्हणून ओळखली जायची, महात्मा फुल्यांचं नाव तिला नंतर मिळालं. मधल्या मनोऱ्याच्या बाजू मोजणं हा तोंडीलावण्याचा खेळ. खरा खेळ आत: प्रत्येकाला वीस रुपये द्यायचे आणि आपल्याला नाव माहीत नाही अशी भाजी आणायला सांगायचं. भाजीला नाव नाही म्हणजे बोट दाखवून विचारणं आलं, 'मावशी, हे काय आहे?' मावशी आधी हसतात, मग नाव सांगतात, मग ती कशी करायची ते सांगतात, आणि शेवटी 'आईला पाठव, तुला नाही कळायचं' हेही सांगतात. पावसाळ्यात करटोली येतात, टाकळा येतो, थंडीत चाकवत. भाव करणं, सुटे पैसे मोजणं, अनोळखी माणसाशी नीट बोलणं हे सगळं त्यात न शिकवता होऊन जातं. आई-बाबांनी चार गाळे मागे उभं राहायचं. हे त्यांना फार जड जातं.

आता अडचण. या फिरण्यात मुलांचा खरा शत्रू कंटाळा नाही, दुचाकी आहे. पदपथावर उभी केलेली, पदपथावरूनच येणारी आणि वर आपल्यालाच हॉर्न देणारी. पुणे महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. अकरा डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. त्या दिवशी मुलं रस्त्याच्या मधोमध बागडताना दिसतात आणि सगळ्यांना कौतुक वाटतं. मला राग येतो. चालणं हा वर्षातून एकदा साजरा करायचा सण कधीपासून झाला? महिन्याचा एक रविवार, मोजून तीन-चार गल्ल्या, सकाळचे दोन तास एवढं जमायला कुठल्याही पुलाचा किंवा भुयाराचा खर्च येत नाही. आणि मंडईच्या आसपास मुलीला नेता येईल असं एक स्वच्छ स्वच्छतागृह शोधा, हा खेळ मी अजून कुणाला दिलेला नाही, कारण तो जिंकणं अवघड आहे.

तोवर रविवारी सकाळी लवकर निघावं, दुकानांची फळी उघडायच्या आत. कुठला खेळ सुचला नाही तर खिशात नाणं असतंच. प्रत्येक चौकात उडवायचं: छापा आला तर उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. नाणं कधी एखाद्या वाड्याच्या बोळात नेतं, कधी अमृततुल्यच्या दारात, कधी गोल फिरवून पुन्हा त्याच चौकात आणून सोडतं. तिसऱ्यांदा तोच चौक आला की मुलं टाळ्या पिटतात आणि मोठे घड्याळ बघतात. अशा मोठ्यांना अमृततुल्यमध्ये चहाला बसवावं आणि नाणं मुलांकडे द्यावं.